उबवणीआधीचा आठवडा

घरच्या इन्क्युबेटरमध्ये अंडी ठेवली आणि निम्मीच पिल्लं निघाली, की पहिला संशय यंत्रावर जातो. थर्मोस्टॅट बदलला जातो, पंखा बदलला जातो. माझं स्पष्ट मत आहे की त्यातली बरीच अंडी यंत्रात जाण्याआधीच, साठवणीतच, वाया गेलेली असतात.

गावरान कोंबडी दहा-बारा अंडी घालून झाल्यावर खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. म्हणजे पहिलं अंडं शेवटच्याची जवळपास दोन आठवडे वाट पाहतं, तरी पिल्लं साधारण एकाच वेळी बाहेर पडतात. हे कसं जमतं? अंडं कोंबडीच्या पोटात असतं तेव्हा सुमारे एक दिवस त्याला ४१ अंशांची ऊब मिळते. तेवढ्यात भ्रूणाच्या हजारो पेशी तयार झालेल्या असतात. घातलेलं अंडं गार होतं आणि वाढ थांबते. ही थांबण्याची मर्यादा साधारण २० ते २१ अंश सेल्सिअस. त्याखाली भ्रूण मरत नाही, विसावतो.

आता एप्रिल-मेमधलं आपलं स्वयंपाकघर आठवा. फळीवरच्या टोपलीत दिवसा ३४-३५ अंश असतात. तिथे भ्रूण विसावत नाही आणि नीट वाढतही नाही. हृदय, रक्तवाहिन्या, मज्जासंस्था यांची घडण ज्या तालात व्हायला हवी तो ताल बिघडतो. असं अंडं यंत्रात गेल्यावर पहिल्या काही दिवसांतच दगावतं. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर धरलं तर रक्ताचं कडं दिसतं. ते ‘बिनबीजाचं’ म्हणून फेकलं जातं आणि बोल बिचाऱ्या कोंबड्याला लागतो. खरोखर बिनबीजाचं अंडं आरपार स्वच्छ दिसतं, आत फक्त बलकाची सावली. हा फरक ओळखता आला तर चूक कुठे झाली ते कळतं.

साठवणीला १५ ते १८ अंश उत्तम आणि मुदत सात दिवसांची. पुढे पिल्लांचं प्रमाण घटत जातं. फ्रिजमधले ४-५ अंश भ्रूणाला फार थंड, शिवाय बाहेर काढताच टरफलावर दव धरतं आणि त्या ओलाव्यातून जंतू छिद्रांवाटे आत शिरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात परातीत ओली वाळू पसरून, त्यावर टोपली ठेवून, वरून हवेशीर ओलं गोणपाट टाकलं तर तापमान बरंच उतरतं. गोणपाट अंड्यांना टेकू देऊ नका. कोकणातल्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, म्हणून ही युक्ती तिथे फारशी चालत नाही. तिथे तीन-चार दिवसांतच अंडी लावावीत. निमुळतं टोक खाली ठेवा. आणि अंडी धुऊ नका! टरफलावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, हजारो छिद्रांवरचं तेवढंच संरक्षण. खाण्याच्या अंड्यांची गोष्ट वेगळी, ती खुशाल फ्रिजमध्ये ठेवावीत.

यंत्रातली गणितं त्यामानाने सरळ आहेत. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश, दिवसातून किमान तीनदा अंडी फिरवणं, अठराव्या दिवशी फिरवणं बंद. वीज तासभर गेली तर घाबरू नका, कोंबडीही चरायला उठतेच. गारव्यापेक्षा जादा उष्णता कितीतरी घातक असते.

आर्द्रतेबाबत मात्र मीटरपेक्षा वजनकाट्यावर भरवसा ठेवावा. अठरा दिवसांत अंड्यातलं पाणी उडून वजन साधारण १२ टक्के घटायला हवं. ५० ग्रॅमचं अंडं ४४ ग्रॅमवर आलं पाहिजे. तेवढ्यानेच रुंद टोकाकडची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते, आणि पिल्लू फुफ्फुसांनी पहिला श्वास तिथेच घेतं. पावसाळ्यात वजन पुरेसं घटत नाही. अशा वेळी यंत्रातलं पाणी कमी करा. शेवटचे तीन दिवस मात्र आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर हवी, नाहीतर टरफलाखालचा पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो.

टरफलाला पहिली चीर पडल्यावर पिल्लू बऱ्याचदा बारा-पंधरा तास, कधी त्याहून जास्त, स्वस्थ पडून राहतं. पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो आणि हात टरफल सोलायला जातो. पण त्या वेळात पापुद्र्याच्या रक्तवाहिन्यांतलं रक्त अंगात परतत असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोललं तर पिल्लू रक्तस्रावाने मरतं. त्याच बलकावर निघालेलं पिल्लू दोन दिवस दाणापाण्याविना तग धरतं, त्यामुळे आधी निघालेल्यांना बाहेर काढायलाही झाकण उघडू नये. ती आतच वाळू द्यावीत, म्हणजे मागे राहिलेल्या अंड्यांची दमट हवा निसटणार नाही.