काट्याशेजारच्या गोणीत काय टाकायचं, काय नाही

दुकानात वजनकाट्याशेजारी जी गोणी टांगली आहे, तिच्याबद्दल रोज चार जण विचारतात. तीच ती उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून हे पत्रक. किराण्यासोबत आलंय, वाचून फ्रिजवर लावा.

गोणी मऊ प्लास्टिकसाठी आहे, म्हणजे मुठीत चुरगाळता येईल असं: दुधा-दह्याच्या पिशव्या, डाळ-साखरेची पारदर्शक पाकिटं, ब्रेडचं वेष्टन, कुरियरची पिशवी, साडीचं कव्हर. बाटल्या, डबे, बादल्या नकोत. त्या भंगारवाले आनंदाने नेतात, कारण त्यात वजन भरतं. मऊ प्लास्टिकचं दुखणं नेमकं तेच आहे. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी धुऊन वाळवून काट्यावर ठेवली तर जेमतेम ३ ग्रॅम. किलो भरायला तीनशेच्या वर पिशव्या लागतात. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घराचा वर्षाचा माल दोन किलोच्या आसपास होतो. ओल्या कचऱ्यातून ती एकेक उचलून निवडणाऱ्या बाईच्या हाती काय पडत असेल, हिशोब तुम्हीच करा.

तुमच्या दारात येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताई मऊ प्लास्टिक नेत असतील, तर आधी त्यांना द्या. ती पुण्यातल्या कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे आणि भंगार विकून येणारा पैसा हा त्यांच्या कमाईचा भाग आहे. आमची गोणी त्यानंतर.

अट एकच: धुतलेलं आणि कोरडं

पहिली गोणी भरली तेव्हा आम्ही ती मोठ्या हौसेने रिक्षात घालून भंगाराच्या दुकानात नेली. त्यांनी गाठ सोडली, आत हात घातला, हाताचा वास घेतला आणि गोणी पुन्हा बांधून आमच्या हातात दिली. कोणीतरी दह्याची पिशवी तशीच टाकली होती, शिवाय लोणच्याचं एक पाकीट. चार दिवसांत ते सगळ्या मालाला लागलं होतं. रिक्षाचं परतीचं भाडंही आमच्याच खिशातून गेलं.

तर दुधाची पिशवी. कोपरा कापून वेगळा करू नका. तो नखाएवढा तुकडा ओट्यावरून मोरीत जातो आणि मोरीतून कुठे जातो ते पावसाळ्यात नाल्याकाठी दिसतं. कात्री शेवटपर्यंत नेऊ नका, तुकडा पिशवीलाच लटकू द्या. पिशवी रिकामी झाली की लगेच घोटभर पाणी घालून हलवा आणि ते पाणी चहाच्या पातेल्यात ओता. मग पिशवी बाजूने उघडून ओट्यामागच्या टाइलवर थापा. ओली असते तोवर चिकटून राहते, वाळली की आपोआप गळून पडते. यात आमचं डोकं काही नाही. आपल्या आज्या पिशव्या अशाच वाळवून रद्दीवाल्याला किलोवर विकत होत्या.

तेलाची पिशवी थेट साबणाने धुवायला गेलात तर बादलीभर पाणी जाईल. आधी ती कढईवर उलटी टांगा, मग आत मूठभर कणीक घालून बाहेरून चोळा. तेल पिठात उतरतं आणि पीठ पोळ्यांच्या कामी येतं. साबणाचं काम त्यानंतर चिमूटभरच उरतं.

एवढा सोस कशाला? पुढे कारखान्यात हा माल निवडून, धुऊन, बारीक करून वितळवतात आणि शेवयांसारख्या तारा काढतात. त्या पाण्यात थंड करून कापल्या की दाणा तयार होतो. मालात ओल राहिली तर तारेत बुडबुडे येतात आणि तार तुटते. स्वच्छ पारदर्शक मालाच्या दाण्याला भाव चांगला. छापील आणि रंगीत माल एकत्र वितळला की दाणा काळपट होतो, मग त्याचे पाइप नाहीतर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या.

वेगळं बांधून द्या: वेफर्स-बिस्किटांची आतून चंदेरी पाकिटं. प्लास्टिकच्या पापुद्र्यांमध्ये अॅल्युमिनिअमचा मुलामा असतो आणि ते थर सोडवणं कोणाला परवडत नाही. अशी बरीच पाकिटं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. पुण्यात त्यांच्या पट्ट्या कापून हातमागावर पिशव्या विणणारेही आहेत, पण वेफर्स खाण्याचा आपला वेग त्यांच्या मागाला झेपणारा नाही.

अजिबात नको: ‘कंपोस्टेबल’ छापलेली पिशवी. ती दिसते प्लास्टिकसारखी, पण दाण्यात मिसळली की माल बिघडवते. घरच्या कुंडीतही ती सहसा लवकर कुजत नाही. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून कचरा नेणाऱ्यांना वेगळे द्या. गोणीत दोनदा सापडले आहेत. कोणाचे ते विचारलं नाही.

आणि लग्नात, दुकानात ‘कापडी’ म्हणून मिळणारी ती ठिपक्याठिपक्यांची फुसफुशीत पिशवी कापडी नाही. तीही प्लास्टिकचीच, पॉलिप्रॉपिलीनची. काडी लावून बघू नका, आमच्यावर विश्वास ठेवा.

त्यापेक्षा आणूच नका

राज्यात कॅरीबॅगवर २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे ‘एक साधी पिशवी द्या हो’ला आमचं उत्तर बदलणार नाही. घरचे डबे आणा. रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य करतो आणि मगच माल भरतो. डाळी, तांदूळ, साखर, पोहे, शेंगदाणे सुटे मिळतील. घरपोच मागवलंत तर कागदी पुड्यात बांधून देऊ. तेल आणि दळलेले मसाले सुटे विकायला कायद्याने मनाई आहे, तिथे आमचा नाइलाज. मात्र तेलाचा १५ किलोचा डबा घेतलात तर एक लिटरच्या सोळाएक पिशव्या वाचतात. घर लहान असेल तर शेजाऱ्यांशी वाटून घ्या.

थंडीत सोसायटीच्या वॉचमनच्या शेकोटीत प्लास्टिक जातं. उघड्यावर कचरा जाळायला नियमांनी बंदी आहे, आणि धूर पहिला त्याच्याच छातीत जातो. त्याला हे सांगाच, पण सांगायला जाताना एक जाड ब्लँकेटही घेऊन जा.

गोणी दर शनिवारी सकाळी उचलतो, तेव्हा शुक्रवारी दुकान बंद व्हायच्या आत आणा. पिशव्या चपट्या करून एकाच मोठ्या पिशवीत कोंबा, गाठी मारू नका. भाव महिन्या-महिन्याला बदलतो. जे पैसे येतात ते दुकानातल्या पोरांच्या चहाला पुरतात, फार तर बुधवारच्या वडापावाला. पावसाळ्यात माल वाळायला दोन दिवस जास्त लागतात, तोवर घरीच ठेवा. ओला आणलात तर तुमच्यासमोरच परत देऊ.