अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश: पात्रता, कागदपत्रे आणि व्हिसा

बारावीनंतर अमेरिकेत शिकायचे आहे, पण विद्यापीठाची चार वर्षांची फी झेपणारी नाही, अशांनी कम्युनिटी कॉलेजचा विचार जरूर करावा. दोन वर्षांची असोसिएट पदवी घ्यायची आणि तिची क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) घेऊन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचे. इथे प्रवेश सोपा असतो. खरी कसोटी लागते ती पैशाच्या पुराव्यात आणि व्हिसाच्या मुलाखतीत.

बारावी उत्तीर्ण असणे साधारणपणे पुरते, सॅट ही प्रवेश परीक्षा लागत नाही. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो चालते. किती गुण हवेत ते प्रत्येक कॉलेज ठरवते. अर्जाला दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि पासपोर्टची प्रत जोडा. त्याआधी कॉलेजला एसईव्हीपीची, म्हणजे परदेशी विद्यार्थी घेण्यासाठी लागणारी अमेरिकी सरकारची, मान्यता आहे ना, ते पाहा. ती नसेल तर पुढचे सगळे फुकट.

आता पैसे. निदान पहिल्या वर्षाची फी, राहणे-जेवण आणि विमा भागेल एवढी रक्कम दाखवल्याशिवाय आय-२० (व्हिसासाठी लागणारे कॉलेजचे प्रवेश-प्रमाणपत्र) मिळत नाही. बँकेचे पत्र, खर्च उचलणाऱ्या पालकांचे हमीपत्र, शैक्षणिक कर्ज असल्यास मंजुरीपत्र द्यावे. शेतजमीन किंवा फ्लॅटच्या मूल्यांकनावर विसंबू नका. हाताशी असलेला पैसा दिसावा लागतो. अमेरिकी सरकारची शिक्षण-मदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही.

आय-२० हाती आल्यावर त्यावर व्हिसाचा कोणता प्रकार लिहिला आहे, एफ-१ की एम-१, ते आधी वाचा. एफ-१ पदवीच्या शिक्षणासाठी, तर एम-१ व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी असतो आणि अमेरिकेत गेल्यावर तो बदलून एफ-१ करता येत नाही. मग सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) शुल्क ३५० डॉलर, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि व्हिसा शुल्क १८५ डॉलर. मुंबईत अर्ज केला असेल तर बोटांचे ठसे आणि बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासातली मुलाखत यांच्या वेळा वेगळ्या घ्याव्या लागतात. सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवावी लागतात.

‘हेच कॉलेज का?’ हा प्रश्न येणारच. ‘स्वस्त आहे म्हणून’ एवढ्यावर थांबू नका. पुढे कुठे आणि कसे जाणार ते सांगा. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात असाल तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा अशा सहा शाखा अटी पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यांत नाहीत. या हमीचा अर्ज सप्टेंबरात करायचा असतो, म्हणून विषय निवडतानाच कॉलेजच्या समुपदेशकाला गाठा.