परदेशातील फ्रीलान्सिंग

परदेशात राहून, कुणाची नोकरी न धरता, स्वतःच्या नावावर कामे घेणे आणि स्वतःच बिल लावणे म्हणजे परदेशातील फ्रीलान्सिंग. नागपुरात बसून परदेशी ग्राहकांची कामे करणे वेगळे; तिथे व्हिसा आडवा येत नाही.

नियम देशागणिक बदलतात. एस्टोनियाची २०१४ साली सुरू झालेली ई-रेसिडेन्सी, म्हणजे परदेशी माणसाला मिळणारी सरकारी डिजिटल ओळख, तिथे कंपनी काढू देते, राहू देत नाही; हा फरक निघण्याआधीच नीट समजून घ्यावा.

जर्मनीत निवास कायद्याच्या कलम २१ खाली स्वतंत्र व्यवसायाचा परवाना मिळतो, तो सुरुवातीला जास्तीत जास्त तीन वर्षांचा. वय ४५ च्या वर असेल तर म्हातारपणाची सोयही दाखवावी लागते. अभियंता, वास्तुविशारद, पत्रकार, दुभाषी, कलावंत ही मंडळी ‘फ्रायबेरुफ्लर’ म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक ठरतात आणि त्यांना व्यापार कर लागत नाही; दुकानदारी ‘गेवेर्बे’त म्हणजे व्यापार-धंद्यात जाते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, मग कर कार्यालयाकडून कर क्रमांक घ्यायचा. बिलावर तो क्रमांक, तारीख आणि बिलाचा अनुक्रमांक हवाच.

खरी गफलत दरात होते. नागपूरचा दर युरोत करून सांगितला की आकडा मोठा दिसतो, पण पुरत नाही. जर्मनीत आरोग्य विमा सक्तीचा आहे. नोकरदाराचा जवळपास निम्मा हप्ता मालक भरतो, फ्रीलान्सरला तो सहसा अख्खा स्वतःच भरावा लागतो. आजारपणाचे दिवस, सुट्ट्या, पेन्शन, कर हे सगळे त्याच दरातून निघायचे असते. म्हणून प्रत्येक बिलाचे पैसे आले की कराचा वाटा त्याच दिवशी बाजूला काढून ठेवावा.

इकडे नागपुरातही कामे उरतात. बँकेतले साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचे रुपयांतले खाते, करून घ्यावे लागते. लग्नाची बोलणी सुरू झाली की धरमपेठेतल्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, “पोरगा कोणत्या कंपनीत आहे?” त्याला कंपनीच नसते, आणि आईवडिलांना ते समजावून सांगणे जड जाते. अशा वेळी कर भरल्याची कागदपत्रे आणि चालू करार घरी दाखवून ठेवलेले बरे.

जुने नागपूरकर ग्राहक मात्र सोडू नयेत. हिवाळ्यात बर्लिनला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा नागपुरात दुपारचा दीड झालेला असतो. जेवण आटोपून ग्राहक फोनवर निवांत बोलतो.