नाताळला विमान कोण उडवणार?

अमेरिकेत २५ डिसेंबरलाही हजारो विमानं उडतात. प्रत्येक कॉकपिटमध्ये किमान दोन वैमानिक लागतात आणि त्या दोघांनाही बहुधा घरीच थांबायचं असतं. मग जायचं कोणी? अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या विमान कंपन्यांत हे सीनियॉरिटीवर ठरतं. कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवरून वैमानिकाला यादीत नंबर मिळतो. कोणतं विमान उडवायचं, बेस कोणत्या शहरात, कॅप्टनपद कधी आणि महिन्याच्या ड्युट्या कोणत्या, हे सगळं त्या नंबरावर. वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस कंपनी बदलून गेला, तर तिथे तो यादीच्या तळाशी, को-पायलट म्हणून. त्यामुळे दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्या एकमेकींत मिसळायच्या कशा यावरून रणं माजतात. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ साली एकत्र आल्या; त्यांच्या वैमानिकांचं यादीवरचं भांडण पुढे सुमारे दहा वर्षं चाललं.

नंबर ठरला तरी प्रश्न उरतोच. त्या नंबराच्या जोरावर मागायचं काय आणि कसं? वैमानिकांमध्ये यावरून गेली कित्येक वर्षं दोन तट आहेत. एकाला जुनं लाइन बिडिंग हवं, दुसऱ्याला प्रेफरेन्शियल बिडिंग सिस्टिम, म्हणजे पीबीएस. वरवर पाहता हा कागद विरुद्ध कॉम्प्युटर असा वाद वाटतो. माझ्या मते तो तसा नाही. जुन्या पद्धतीत जी ढिलाई होती, ती कोणाच्या तरी सुट्टीच्या आणि कोणाच्या तरी नोकरीच्या रूपात होती. कॉम्प्युटरने ती आवळली, आणि त्यातून जे वाचलं ते कोणाच्या खिशात जायचं हा खरा झगडा आहे.

जुनी पद्धत आधी बघू. सुट्या फ्लाइट्सची गुंफण करून कंपनी ट्रिपा तयार करते. शिकागोहून निघायचं, डेन्व्हरला रात्र काढायची, सिअॅटलला जायचं आणि चौथ्या दिवशी परत शिकागोत उतरायचं, अशी ती एक ट्रिप. अशा चार-पाच ट्रिपा, मधल्या सुट्ट्या धरून, महिनाभरात बसवल्या की एक ‘लाइन’ झाली. कंपनी अशा शेकडो लाइन छापून वैमानिकांपुढे ठेवायची. वैमानिक त्या चाळून आपल्या पसंतीचा क्रम लावून द्यायचे. पहिल्या नंबराला त्याची पहिली पसंती मिळायची, दुसऱ्याला उरलेल्यांतली सर्वांत आवडती, असं खालपर्यंत. यात पारदर्शकपणा होता. तुमचा नंबर पन्नासावा असेल आणि तुम्ही पन्नास लाइन लिहून दिल्या असतील, तर त्यांतली एक तुमचीच. काय मिळू शकतं ते महिना ठरण्याआधीच डोळ्यांसमोर असायचं.

पण लाइन छापताना ती कोणाची होणार हे कंपनीला ठाऊक नसायचं, आणि खरी गंमत इथेच आहे. समजा, एका कॅप्टनची रजा १० ते १६ तारखेपर्यंत मंजूर आहे. त्याने मुद्दाम अशी लाइन मागितली, की तिच्यातली एक ट्रिप ८ ते ११ आणि दुसरी १५ ते १८. पहिली ट्रिप ९ तारखेला अर्ध्यावर, डेन्व्हरच्या हॉटेलात सोडून घरी येता येत नाही. म्हणून ती आख्खी गळते, दुसरीही आख्खी गळते, आणि बऱ्याच करारांमध्ये दोन्हींचा पगार शाबूत राहायचा. सात दिवसांच्या रजेत ८ ते १८ असे अकरा दिवस पदरात पडले. ट्रेनिंगच्या तारखांचंही तेच, आणि मागच्या महिन्यातून या महिन्यात लोंबणाऱ्या ट्रिपेचंही तेच. सीनियर मंडळी या कलेत वाकबगार. गळालेल्या ट्रिपा मग रिझर्व्हवर बसलेल्या, म्हणजे ऐनवेळी बोलावता यावं म्हणून राखून ठेवलेल्या वैमानिकांनी उडवायच्या, म्हणजे कंपनीला तेवढे जास्त वैमानिक पदरी ठेवावे लागायचे. कंपनीच्या हिशेबनिसाला ही गळती दिसायची, आणि तळातल्या ज्युनियरला तीच गळती आपली नोकरी म्हणून दिसायची.

पीबीएसमध्ये लाइन आधी छापतच नाहीत. वैमानिक आपल्या आवडीनिवडी लिहून देतात. वीकएंडला सुट्टी हवी, पहाटेचं रिपोर्टिंग नको, रात्रभराची फ्लाइट नको, जास्त तास हवेत, अमुक गावी मुक्काम चालेल. बरेच वैमानिक बेसच्या शहरात राहतच नाहीत, दुसऱ्याच राज्यातून विमानानेच कामावर येतात. त्यांना पहिल्या दिवशी उशिरा सुरू होणारी आणि शेवटच्या दिवशी लवकर संपणारी ट्रिप हवी असते, म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचते. हे सगळं, शिवाय प्रत्येकाची रजा आणि ट्रेनिंग, कॉम्प्युटरला आधीच माहीत असतं. मग तो पहिल्या नंबरापासून सुरुवात करून एकेकाची लाइन त्याच्या मापाने शिवत जातो. १० ते १६ रजा असेल तर त्या दिवसांवर ट्रिप पडतच नाही, त्यामुळे गळतही नाही.

यात अवघड काय, असं वाटेल. पहिल्याला हवं ते द्यायचं, मग दुसऱ्याला. अडचण अशी, की शेवटच्या माणसापर्यंत पोचल्यावर एकही फ्लाइट वैमानिकाविना उरता कामा नये. छोटंसं उदाहरण घेऊ. तीन वैमानिक आहेत आणि चार ट्रिपा. एक ट्रिप २४-२५ डिसेंबरची, दुसरी २५-२६ची, तिसरी २८-२९ची, चौथी ३०-३१ची. पहिला नंबर म्हणतो, मला शेवटच्या दोन द्या, नाताळ घरी. कॉम्प्युटर खाली बघतो. दुसरा आणि तिसरा मोकळे आहेत, नाताळच्या दोन ट्रिपा ते एकेक घेतील. मागणी मंजूर. दुसऱ्यालाही नाताळ घरीच हवा होता, पण आता तो सुटत नाही. इथवर सीनियॉरिटी नीट चालली.

आता यात एकच बदल करू. तिसऱ्या वैमानिकाचं २४ ते २६ सिम्युलेटर ट्रेनिंग आहे. नाताळच्या दोन्ही ट्रिपा २५ तारखेला एकमेकींवर चढतात, त्यामुळे दोन्ही एकट्या दुसऱ्याला करता येणार नाहीत. म्हणजे एक ट्रिप पहिल्याच्या गळ्यात. सगळ्यांत सीनियर असून नाताळला ड्युटी! तो युनियनच्या माणसाला फोन करून विचारणार, माझ्या खालच्याला नाताळची ट्रिप नाही आणि मला कशी काय? उत्तर तीन ओळींत मावतं, पण वैमानिक तीन असतात तेव्हाच. तीनशे वैमानिक आणि हजारभर ट्रिपा असतील तर ते ‘का’ कोणालाच नुसत्या नजरेने दिसत नाही.

त्यात नियमांची भर. २००९च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यात बफलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० जणांचा जीव गेला, आणि वैमानिकांचा थकवा हा विषय ऐरणीवर आला. जानेवारी २०१४पासून अमेरिकेत नवे नियम लागू झाले. ड्युटीआधी किमान १० तास विश्रांती, कोणत्याही १६८ तासांत सलग ३० तास मोकळे, २८ दिवसांत १०० तासांहून जास्त उड्डाण नाही. प्रत्येकाची लाइन या सगळ्या चाळण्यांतून पार पडली पाहिजे.

मग सगळ्या शक्यता मांडून त्यांतली उत्तम का निवडत नाहीत? ५०० ट्रिपांतून नुसत्या पाच निवडायच्या म्हटल्या तरी २५ हजार कोटींहून जास्त प्रकार होतात, आणि ते एकाच वैमानिकाचे. त्यांतले बहुतेक नियमांत बसत नाहीत हे खरं, पण उरलेलेही मोजण्यापलीकडचे. माँट्रियलमधल्या गणितज्ञांनी यातून जी वाट काढली, तिचं मूळ जॉर्ज डँट्झिग आणि फिलिप वुल्फ या अमेरिकन गणितज्ञांच्या १९६०च्या कामात आहे. सगळ्या लाइन लिहून काढायच्याच नाहीत. मूठभर लाइन घेऊन गणित सोडवायचं. त्या उत्तरातून प्रत्येक ट्रिपेला एक किंमत मिळते. जी ट्रिप भरून काढणं जड जातंय तिची किंमत चढते, दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूची चढते तशी. मग त्या किमती धरून एकच प्रश्न विचारायचा. आत्ताच्या लाइनींपेक्षा फायद्याची ठरेल अशी एखादी नवी लाइन आहे का? असेल तर ती आत घ्यायची, गणित पुन्हा सोडवायचं, किमती पुन्हा बदलायच्या. नवी फायद्याची लाइन सापडेनाशी झाली की थांबायचं. कोट्यवधी लाइनींपैकी काही हजारच प्रत्यक्षात तयार होतात, तरी बाकीच्या बघायची गरज नव्हती याची खात्री गणितच देतं. मला स्वतःला या सगळ्या भानगडीत हाच भाग सगळ्यांत देखणा वाटतो.

माँट्रियलच्याच मिशेल गमाश, फ्रांस्वा सुमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एअर कॅनडासाठी बांधलेली अशी प्रणाली १९९५पासून प्रत्यक्ष वापरात आली. त्यांनी १९९८ साली छापलेल्या शोधनिबंधात १०८ वैमानिक आणि ५६८ ट्रिपांपर्यंतची गणितं आहेत. याच माँट्रियल परंपरेतून उभी राहिलेली अॅड ऑप्ट ही कंपनी २०१९ साली तिरुवनंतपुरमच्या आयबीएस सॉफ्टवेअरने विकत घेतली. म्हणजे या पाश्चात्त्य भांडणातलं एक महत्त्वाचं हत्यार आता केरळमधल्या कंपनीच्या हातात आहे.

गणित चोख असेल तर तक्रार कसली? एक तक्रार भाषेची. एकामागून एक निवड करण्याच्या अशा पद्धतीत खोटं बोलून फायदा होत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ सिद्ध करून दाखवतात. पण त्यासाठी तुम्हाला तुमची सगळी पसंती सांगता आली पाहिजे. ‘वीकएंड मोकळे हवेत, पण सॅन दिएगोचा मुक्काम असेल तर एखादा शनिवार गेला तरी चालेल, मात्र त्याच्या आदल्या दिवशी पहाटेची ड्युटी नको’ हे डोक्यात सोपं असतं. पीबीएसच्या चौकटीत ते कोणत्या क्रमाने भरायचं हे शिकावं लागतं. वरची ओळ खाली गेली की महिना बदलतो. मागण्या एकमेकींना छेद देऊ लागल्या की काही प्रणाली खालून एकेक मागणी सोडून देत जातात आणि शेवटी कुठलीतरी कायदेशीर लाइन हातात पडते. युनियनमध्ये म्हणूनच खास पीबीएस समित्या असतात. बिड, म्हणजे मागण्यांची यादी, कशी लिहावी हे त्या शिकवतात, आणि निकाल लागला की तो तपासून बघतात.

दुसरी तक्रार जास्त खोल आहे, आणि ती ज्युनियरांची आहे. छापील लाइनमध्ये गोड-कडू ट्रिपा एकत्र बांधलेल्या असायच्या. सीनियरला एक चांगली ट्रिप हवी असेल तर तिच्याबरोबरची नावडतीही घ्यावी लागायची, आणि तळातल्यालाही त्याच्या लाइनीत एखादी बरी ट्रिप, एखादा रविवार मिळून जायचा. पीबीएसने गाठोडी सोडली. वरचे एकेक चांगली ट्रिप सुटी उचलतात आणि गाळ सगळा तळाशी साचतो. सीनियॉरिटी तीच, यादी तीच, तरी वरच्या आणि खालच्या माणसाच्या महिन्यांतलं अंतर वाढतं. वरच्यांचा पीबीएसला पाठिंबा आणि खालच्यांचा विरोध, असं सरसकट चित्र मात्र नाही. रजेच्या क्लृप्त्यांत मुरलेले सीनियर जुन्या लाइनींसाठी हळहळतात, आणि लांबून ये-जा करणाऱ्या ज्युनियरला पीबीएस सोयीचं वाटू शकतं. साउथवेस्ट, फेडेक्स आणि यूपीएस या अमेरिकन कंपन्यांच्या वैमानिकांनी तर बराच काळ जुन्या लाइनी सोडल्या नाहीत. युरोपात काही ठिकाणी हा प्रश्नच वेगळा आहे. रायनएअरमध्ये पाच दिवस काम, चार दिवस सुट्टी असा ठरलेला साचा असतो. तिथे मागायचं फारसं काही उरत नाही.

आवळण्याचा दुसरा चेहरा आपल्याकडे डिसेंबर २०२५मध्ये दिसला. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या नव्या नियमांनी वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८वर नेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला, आणि महिन्याभरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. मुंबई-पुण्यासह देशभर प्रवासी विमानतळांवर अडकले. चौकशीत जे पुढे आलं त्यात वैमानिक आणि विमानं शेवटच्या थेंबापर्यंत पिळण्याचा अट्टाहास होता, त्यापायी रोस्टरमध्ये मोकळी जागाच उरली नव्हती. हा पीबीएसचा दोष नव्हे, तिथे सीनियॉरिटीचा मुद्दाही नव्हता. पण गळती बंद केली की आपत्काळात वापरायला काही शिल्लक राहत नाही, हे तिथेही तितकंच खरं ठरलं.

अमेरिकन एअरलाइन्सला २०१७मध्ये उलट बाजूने झटका बसला. ट्रिपांची अदलाबदल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला आणि वैमानिकांना डिसेंबरच्या उत्तरार्धातल्या ट्रिपा सोडून देता येऊ लागल्या. वैमानिकांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार ऐन नाताळातल्या सुमारे १५ हजार फ्लाइट्सना नेमलेला वैमानिक उरला नाही; कंपनीने हा आकडा मानला नाही. कंपनीने त्या ट्रिपा उचलणाऱ्यांना दीडपट पगार देऊ केला. संघटनेने तक्रार नोंदवली, ती पैसे कमी म्हणून नव्हे, तर आम्हाला न विचारता करार मोडून पगार ठरवलाच कसा म्हणून.

पीबीएस मान्य करणाऱ्या युनियनही वाटाघाटींच्या टेबलावर असंच भांडतात. अल्गोरिदम कोणता यावर तिथे फार वेळ जात नाही. रजेच्या प्रत्येक दिवसाचे किती तास पगारात धरायचे, रजेला लागून हक्काच्या सुट्ट्या किती, रिझर्व्हवर किमान किती माणसं ठेवायची, सीनियरची मागणी कोणत्या कारणाने नाकारता येईल, निकाल चुकला तर पुन्हा चालवायला किती तासांची मुदत, आणि प्रणालीतल्या कळा फिरवायचा अधिकार एकट्या कंपनीला की दोघांना, यावर रात्री जागवल्या जातात. जुन्या पद्धतीत ८ ते १८ मिळणारी सुट्टी आता कराराच्या कलमात लिहून घ्यावी लागते. ज्या युनियनने ते लिहून घेतलं तिचे वैमानिक पीबीएसबद्दल बरं बोलतात.