कॉम्प्रेशन वाढवायचं होतं, पेट्रोल आडवं येत होतं

ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये दम जास्त, हा समज काही केल्या जात नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबलं, तापलं तरी स्पार्कच्या आधी आपणहून पेट न घेता किती तग धरतं त्याचा आकडा, बस.

१८७६ ला निकोलस ऑटोचं फोर-स्ट्रोक इंजिन आलं तेव्हा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये हवा-इंधनाचं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) जेमतेम २.५ च्या आसपास. गणित तर सोपं होतं, मिश्रण जेवढं जास्त दाबाल तेवढी जास्त उष्णता कामाला लागते, आदर्श हिशोबाने ४ ला ४३ टक्के तर ८ ला ५६ टक्के (खऱ्या इंजिनात बरंच कमी, पण कल तोच). मग दाबत का नव्हते? नॉकिंगमुळे. स्पार्क पडला की ज्वाला पसरत जाते, पण ती कडेला पोचायच्या आतच तिथलं तापलेलं मिश्रण एकदम भडकतं, हातोडी मारल्यासारखी खणखण ऐकू येते आणि असंच चालू ठेवलं तर पिस्टनला भोकसुद्धा पडतं.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो या इंजिनियरने कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येईल असं इंजिनच बनवलं आणि एकेक इंधन तपासलं. अमेरिकेत जनरल मोटर्सचा संशोधन प्रमुख केटरिंग याच्या हाताखाली थॉमस मिजली काय वाट्टेल ते पेट्रोलमध्ये टाकून बघत होता, टेल्युरियमने नॉकिंग थांबलं पण अंगाला असा वास चिकटला की विचारू नका. १९२१ मध्ये नॉकिंग थांबवणारं टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग सापडलं, १९२३ ला शिसंवालं पेट्रोल विकायला आलं. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेने मेले, १९२५ मध्ये विक्री काही काळ थांबली, तरी धंदा परत सुरू झाला, माझ्या मते खरा गुन्हा हाच.

ऑक्टेनची मोजपट्टी १९२६ ची, ग्रॅहॅम एडगरची: नॉकिंगला चांगलं तग धरणारं आयसोऑक्टेन हे इंधन १००, लगेच नॉक होणारं हेप्टेन ०. मजा म्हणजे ते शुद्ध हेप्टेन एका जातीच्या पाइन झाडाच्या चिकातून काढलेलं!

पुढे रिफायनिंग सुधारलं, ऑक्टेन चढलं तसं कॉम्प्रेशनही चढलं, साठच्या दशकात अमेरिकन गाड्या १० च्या वर. मग धुराचे नियम आले, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला शिसं अजिबात चालत नाही, आणि शिसं काढलं की ऑक्टेन घसरतं, म्हणून सत्तरच्या दशकात कॉम्प्रेशन परत ८ च्या आसपास आणलं आणि पॉवर धाडकन पडली. आता नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं डायरेक्ट इंजेक्शन यांच्या जोरावर काही इंजिनं १३-१४ पर्यंत जातात. पण कमी कॉम्प्रेशनचं साधं इंजिन असेल तर त्यात महागडं हाय-ऑक्टेन ओतून मायलेज वाढत नाही, कारण तिथे नॉकिंग मुळात होतच नव्हतं.