किडनी रिजेक्शन आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी

किडनी ट्रान्सप्लांटनंतरचं रिजेक्शन म्हणजे बसवलेली किडनी शरीराने परकी ठरवून तिच्यावर हल्ला करणं, आणि हा हल्ला करतात रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्या एरवी जंतूंपासून आपल्याला वाचवतात त्याच. त्यांची चूक तशी काहीच नाही, कामच ते आहे त्यांचं.

आपलं-परकं ओळखलं जातं मुख्यतः एचएलए नावाच्या प्रथिनांवरून. यातला अर्धा सेट आईकडून येतो नि अर्धा वडिलांकडून, म्हणून सख्ख्या भावंडांचं पूर्ण जुळायचा चान्स साधारण चारात एक. २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांच्या टीमने केलेलं ट्रान्सप्लांट टिकलं ते देणारा नि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते म्हणून, पेशींना परकं काही दिसलंच नाही.

एरवी सुरुवात होते डेंड्रिटिक सेलपासून, या म्हणजे खबऱ्या. नव्या किडनीतल्या या पेशी लिम्फ नोड आणि प्लीहेत जाऊन परकं एचएलए टी सेलना, म्हणजे हल्ला करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. मग सीडी४ टी सेल चेततात, इंटरल्यूकिन-२ हे वाढायचा इशारा देणारं प्रथिन सोडतात, सीडी८ टी सेलची संख्या भराभर वाढते आणि त्या किडनीत घुसून परफोरिन, ग्रॅन्झाइम ही प्रथिनं वापरून तिच्या पेशी मारतात. बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासताना, हे चक्क मोजता येतं. किडनीच्या बारीक नळ्यांच्या भिंतीत शिरलेल्या या पेशी पॅथॉलॉजिस्ट मोजतो, एका नळीच्या छेदात १ ते ४ असतील तर सौम्य, ५ ते १० म्हणजे मध्यम आणि १० च्या वर गेल्या की जोरदार, ही बॅन्फ पद्धत, कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ मध्ये झालेल्या बैठकीतून निघालेली. मॅक्रोफेज नावाच्या, गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशीही या गर्दीत असतात, जोरदार रिजेक्शनमध्ये तर भरपूर.

एवढं ऐकून सगळा दोष टी सेलवरच जातो, पण माझ्या मते जास्त चिवट प्रकरण बी सेल या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींचं आहे. बी सेलपासून प्लाझ्मा सेल बनतात, त्या डोनरच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी सोडतात आणि या अँटिबॉडी किडनीतल्या केशवाहिन्यांना आतून चिकटतात. मग कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातल्या मारक प्रथिनांची साखळी, चेततं (बायोप्सीत दिसणारा सी४डी हा तुकडा त्याचाच माग) आणि एनके सेल या आणखी एका जातीच्या पांढऱ्या पेशी अँटिबॉडी लागलेल्या पेशी हेरून मारतात. अशा अँटिबॉडी ऑपरेशनच्या आधीपासूनही असू शकतात, रक्त चढवल्याने, आधीच्या ट्रान्सप्लांटने किंवा बाळंतपणाने. नवरा बायकोला किडनी देतो तेव्हा हे हमखास बघावं लागतं, कारण पोटातल्या बाळामार्फत नवऱ्याच्या एचएलएशी तिच्या पेशींची ओळख आधीच झालेली असते. म्हणूनच आधी क्रॉसमॅच, म्हणजे घेणाऱ्याच्या रक्तात डोनरविरुद्ध अँटिबॉडी आहेत का याची तपासणी करतात, तशा अँटिबॉडी भरपूर असताना किडनी बसवली तर ती काही मिनिटांत टेबलावरच निळी पडू शकते.

रोजच्या गोळ्यांपैकी टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन हे टी सेलमधलं कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम अडवून इंटरल्यूकिन-२ बंद पाडतात, म्हणजे मार मुख्यतः टी सेलवर. टी सेलचं रिजेक्शन बरेचदा स्टेरॉइडच्या जोरदार डोसने आटोक्यात येतं, नाहीच आलं तर सशांपासून बनवलेलं एटीजी हे टी सेल मारणारं औषध देतात. अँटिबॉडीवालं मात्र अवघड. प्लाझ्माफेरेसिसने रक्तातल्या अँटिबॉडी काढता येतात, रिटुक्सिमॅब हे औषध बी सेल मारतं पण ते त्यांच्यावरची सीडी२० ही खूण बघून, आणि प्लाझ्मा सेलवर सीडी२० नसतंच जवळपास. त्या बोन मॅरोमध्ये वर्षानुवर्षं बसून अँटिबॉडी बनवत राहतात, दुखत-खुपत काही नाही, फक्त रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, हळूहळू चढत जातं.