पास्कल आणि कुणीच न बनवलेला संगणक

‘इंडस्ट्रीत चालते तीच भाषा शिका, कॉलेजातल्या भाषांचा काही उपयोग नाही’ असं कोडिंग क्लासच्या जाहिराती ठणकावून सांगतात. सहा महिन्यांत पॅकेज देणारे हे लोक आणि नावात एक अक्षर वाढवून भाग्य उजळवणारे अंकज्योतिषी, दोघांची फी मात्र आगाऊच असते! कॉलेजातली भाषा कुठवर जाऊ शकते, हे पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेकडे पाहून कळतं.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल उभी केली, ती मुलांना शिस्तीत प्रोग्रामिंग शिकवता यावं म्हणून. प्रत्येक व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा नाव दिलेला कप्पा, आधी जाहीर करायचा, त्याचा प्रकार सांगायचा. पूर्णांकाच्या जागी अक्षर ठेवलंत, तर प्रोग्रामचं यंत्रभाषेत, म्हणजे संगणकाला थेट कळणाऱ्या आज्ञांमध्ये, भाषांतर करणारा कंपायलर तिथेच अडवणार.

भाषा इतरांनाही हवी होती, पण दर विद्यापीठाचा संगणक वेगळा आणि त्याची यंत्रभाषाही वेगळी. प्रत्येकासाठी नवा कंपायलर कोण लिहिणार? झुरिकच्या गटाने यावर काढलेला तोडगा मला आजही थक्क करतो. त्यांनी कुणीच न बनवलेल्या, फक्त कागदावरच्या संगणकासाठी कंपायलर लिहिला. त्या संगणकाच्या आज्ञा म्हणजे पी-कोड.

खऱ्या प्रोसेसरमध्ये आकडे ठेवायला रजिस्टर असतात. कुठे दोन, कुठे सोळा. काल्पनिक यंत्राने ती भानगडच ठेवली नाही. त्याच्याकडे फक्त स्टॅक, म्हणजे ताटांची चवड: ठेवायचं वर, उचलायचंही वरूनच. २ + ३ × ४ काढायचं तर २ ठेवा, ३ ठेवा, ४ ठेवा. ‘गुणा’ म्हटलं की वरचे दोन जातात आणि १२ येतो. ‘मिळवा’ म्हटलं की १२ आणि २ जाऊन १४ उरतो. कंस नाहीत, रजिस्टर नाहीत. अशा आज्ञा एकेक करून पाळणारा इंटरप्रिटर कुठल्याही संगणकावर थोडक्यात लिहिता येतो.

आणि खरी गंमत पुढेच आहे. कंपायलर स्वतः पास्कलमध्येच लिहिलेला होता, म्हणून त्यालाच स्वतःचं भाषांतर करायला लावून त्याचाही पी-कोड मिळवता आला. आता नव्या संगणकावर इंटरप्रिटर तेवढा लिहायचा, की त्यावर पी-कोडमधला कंपायलर चालतो. तो तुमचे प्रोग्राम पी-कोडमध्ये उतरवतो आणि तेही त्याच इंटरप्रिटरवर चालतात. या कामात केशव नोरी हे भारतीय संशोधकही होते. पुढे ते पुण्याला टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात आले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेने हीच युक्ती छोट्या संगणकांवर नेली आणि १९७९ मध्ये पास्कल ॲपल-२ या घरगुती संगणकावर पोचली. तोटा एकच, वेग. मध्ये दुभाषा बसला की उशीर होणारच. १९८३ च्या टर्बो पास्कलमध्ये अँडर्स हाइल्सबर्ग यांनी पी-कोडला फाटा देऊन थेट यंत्रभाषा निर्माण केली. पुढे याच हाइल्सबर्गनी मायक्रोसॉफ्टमध्ये सी-शार्प ही भाषा घडवली. तिचे प्रोग्राम आधी एका काल्पनिक, स्टॅकवाल्या यंत्राच्या आज्ञांमध्येच उतरतात.